लाल चौकोनाचे पोहे

मिनल वासनिक म्हणजे अशी बाई, का समोर उमरेडची पाटी लावलेली बस उभी असली तरी ड्रायव्हरले विचारल्याशिवाय चढणार नाही. तिची माय हातमागावर बसायची. कोणतंही कापड असो, चिठ्ठीवर काय लिहिलं ते नंतर, आधी बोटांत चोळून पाहायची. पोरगी तशीच निघाली. अन् अशा बाईले आमच्या कळमेश्वरच्या डेअरीत 'डेटा विश्वास अधिकारी' म्हणून घेतलं. काही महिने काम पाहायचं, मग कायम करायचं. आता बोला!

मी तिथं गाड्या रवाना करतो. आमच्या कंपनीत विश्वास कसा चालते, ते सांगतो तुम्हाले. सकाळच्या मीटिंगले भिंतीवर हा एवढा मोठा पडदा. प्रत्येक खात्याचा एक चौकोन. काम बरोबर असलं तर हिरवा, बिघडलं तर लाल. आकडा कुठं मीटर देते, कुठं आम्हीच भरतो. अन् ज्याचा चौकोन लाल, त्यानं साऱ्या मीटिंगले तर्री-पोहे खाऊ घालायचे. ही अक्कल आमच्या रजत साहेबाची. पुण्याहून शिकून आलेला माणूस, "थोडी मजा पाहिजे यार कामात" म्हणत राहते. एवढ्या लोकांची मजा आमच्या पगारात बसते का, हे कोणी विचारलं नाही. सुरुवातीले दोन-चार जणांनी पोहे दिले. मग काय चमत्कार झाला बाप्पा! सारा पडदा हिरवागार. साहेबाले वाटलं, कंपनी सुधरली.

त्या हिरव्या रंगावर साहेबाचा एवढा जीव जडला, का त्यानं 'डेटा विश्वास सप्ताह' काढला. दारात रांगोळी, छातीवर बिल्ला, अन् हात पुढं करून शपथ: मी आकड्यावर विश्वास ठेवीन. आकडा खरा ठेवीन, असं काही शपथेत नव्हतं.

सप्ताह चालू असतानाच, भर मे महिन्यात, दुपारची लाइट गेली. जनरेटरनंही मान टाकली. संध्याकाळी लाइट आली तेव्हा पडद्यावर कोल्ड रूम हिरवीगार. आत म्हणे चार डिग्री. मिनल मॅडम उठली अन् सरळ कोल्ड रूममध्ये गेली. लोक तिथं स्वेटर घालून जातात. ही पदरानं घाम पुसत बाहेर आली.

"नत्थूजी, आतलं मीटर कुठं आहे?"

नत्थूजी कोल्ड रूमचे सुपरवायझर. "आहे ना मॅडम, चालून राहिलं बरोबर. पडदा पहा ना," म्हणाले, अन् चपलेकडे पाहत बसले.

मॅडम साहेबाच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "उद्या पारशिवनीच्या मुलींच्या वसतिगृहात पनीर जाणार आहे. थांबवा. पोरी आजारी पडतील."

"मिनल, तू विश्वास अधिकारी, आणि तूच अविश्वास दाखवतेस?" साहेब हसला. "तुला कायम करायची फाइल याच आठवड्यात माझ्या टेबलावर येतेय, विसरू नकोस. गाडी सकाळी निघेल."

तिच्या जागी मी असतो तर बिल्ला नीट करून घरी गेलो असतो. खोटं काहून बोलू?

सकाळी गाडी भरून फाटकात उभी. अन् मॅडम मीटिंगमध्ये आली ती हातात ताट घेऊन. त्याच मालातलं पनीर, कॅन्टीनच्या रुखमाबाईनं मसाल्यात असं परतलेलं, का वास कळायचा नाही.

"सप्ताहाचा शेवट गोड करू, साहेब. हे आपल्याच कोल्ड रूममधलं आहे. पडदा हिरवा आहे, विश्वास आहे, तर एकेक तुकडा साऱ्यांनी घ्या. मीही घेते."

अन् मग गंमत पहा. कोणाचा उपवास निघाला. कोणाचं पोट कालपासून बिघडलेलं. हिशेबातल्या बंटीचा दात अचानक ठणकायले लागला. बिल्ले मात्र साऱ्यांच्या छातीवर चमकून राहिले होते. एकट्या रजत साहेबानं हसत तुकडा उचलला. तेव्हा मले समजलं, अख्ख्या कंपनीत त्या आकड्यावर खरोखर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस आहे. कीव आली बिचाऱ्याची.

मॅडमचा तुकडा ओठापाशी होता, पण ती साहेबाकडे पाहतच नव्हती. नत्थूजीकडे पाहून राहिली होती.

नत्थूजी खुर्ची पाडून उठले अन् साहेबाच्या हातावर फटका मारला. तुकडा टेबलावर पडला.

"नका खाऊ जी! मॅडम, तुम्हीबी टाका तो! मीटर आत नाही. तुमच्या केबिनच्या फ्रिजमध्ये आहे साहेब, ताकाच्या बाटल्यांमागं."

साहेबाचा फ्रिज इन्व्हर्टरवर. गाव उन्हात भाजलं तरी ताक थंड.

"काहून?" साहेबाच्या तोंडून पहिल्यांदाच नागपुरी निघाली.

नत्थूजी रडायलेच लागले. "दरवाज्याचं रबर फाटलं जी, दरवाजा बसतच नाही. सांगितलं तर लाल आलं, पोहे दिले. पुन्हा सांगितलं, पुन्हा दिले. रबर काही आलं नाही. घरी पोरीचं, खुशीचं लग्न आहे. कुठवर देऊ?"

पुढचं ऐकायले मी थांबलो नाही. खाली पळालो अन् गाडीची चाबीच काढून घेतली. वर आलो तर साहेब सवयीनं म्हणून राहिला होता, "म्हणजे उद्याचे पोहे नत्थूजींकडून..."

"उद्याचे पोहे तुमच्याकडून, साहेब," मॅडम म्हणाली. "रोजचेच. अन् जो लाल दाखवेल, पहिली प्लेट त्याची."

साहेबानं टेबलावरच्या तुकड्याकडे पाहिलं अन् मान डोलावली. मॅडमच्या फाइलवर त्यानं सहीही केली. शेरा मात्र मारला, 'स्वभाव संशयी'.

दुसऱ्या दिवशी पोह्यांचं पातेलं आलं. पडदा लागला. कोल्ड रूम लाल, ते ठीकच. पण पॅकिंग लाल. बॉयलर लाल. माझाही चौकोन लाल, गुळगुळीत टायरावर गाड्या धाडून राहिलो होतो मी. अर्धा पडदा पेटलेला. साहेबाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"हे सगळं असं कधीपासून आहे?"

पहिली प्लेट नत्थूजीच्या हातात होती. तर्रीत पोहे कालवता कालवता, वर न पाहता ते म्हणाले,

"तुम्ही आमच्याकडून पोहे खायले लागले ना साहेब, तेव्हापासून."