डिंपलचा दगड

भडगावात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. माझं पंक्चरचं, झुलालभाऊचं कबरीच्या दगडांवर नावं कोरायचं. स्वतः हिंदू, पण मराठी असो की उर्दू, कागदावर लिहून दिलेलं अक्षर हुबेहूब उतरवायचा. अन् छिन्नी चालवता चालवता गिऱ्हाइकाला एकच सवाल, "तुमना देव कसा शे?"

भुसावळच्या एका यहुदी साहेबाचा नातू सांगून गेला की त्यांचा देव आधी त्यांच्याच लोकांचा होता, कडक, हुकूम देणारा. पुढं त्यांचे नबी, म्हणजे प्रेषित, म्हणाले, तो साऱ्या जगाचा. धुळ्याचा ख्रिस्ती मास्तर म्हणाला, तोच देव, पण बाप; त्यानं स्वतःचा मुलगा मरताना पाहिला. मशिदीतले चाचा म्हणाले, "तोच रे, पण त्याला मुलगा कसला? तो एकटा अन् दयाळू."

झुलालभाऊ मला सांगायचा, "देव एकच शे, भूषण. माणूस जसा रडस, तसा त्याले तो दिसस."

"दगड फोड गुमान," मी म्हणायचो. "देवाला कशाला सोलतोस?"

मागच्या पावसाळ्यात त्याची दोन वर्षांची नात डिंपल तापानं तीन दिवसांत गेली. आमच्यात एवढ्या लेकराला जाळत नाहीत. गिरणेच्या काठाला पुरतात, अन् वर खूण ठेवत नाहीत. खूण ठेवली तर जीव तिथंच अडकतो म्हणे.

सून ज्योती त्याच्या पाया पडली. "आबा, आख्ख्या गावले दगड करतस. मनी पोरले एक करा ना!"

"आपल्यात नाही, बेटा," एवढंच म्हणाला. साऱ्या जगाच्या देवांना प्रश्न विचारणारा माणूस, घरच्या रीतीपुढं मान खाली घालून बसला. अन् मी गाढव, मीही म्हणालो, "रीत ती रीत."

उन्हाळ्यात वाळूवाले यंत्र घेऊन नदीत उतरले. कळलं तसे आम्ही दोघं धावत गेलो. डिंपलला पुरलं होतं तो काठ पुरुषभर खोल खरवडलेला, ट्रॅक्टर भरून गेलेले. झुलालभाऊनं यंत्रवाल्याची गचांडी धरली. तो पोरगा घाबरला. "आबा, आईशप्पथ, इथं काही खूण नव्हती. कबर दिसली की आम्ही बाजूनं जातो."

झुलालभाऊचा हात आपोआप सुटला.

परतताना तो रस्त्यातच खाली बसला. "त्या मास्तरना देवना पोऱ्याले कबर तरी मिळनी रे, भूषण," म्हणाला अन् ढसाढसा रडला. मलाही रडू आवरेना.

चार दिवस तो दुकानातून हलला नाही. काळ्या दगडावर एकच नाव कोरत बसला. असं अक्षर त्यानं आजवर कोणाला काढून दिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ज्योती डबा घेऊन आली. दगड पाहिला. नावावरून बोट फिरवलं, धूळ पदरानं पुसली. मग सासऱ्याकडे पाहून हळूच विचारलं,

"आते कोठे लावशात, आबा?"