अनुराधापूरचं झाड आणि एल्लाचा डोंगर

आम्ही दोघंच असे कुठे कधी गेलो नव्हतो. लग्नानंतर गावी गेलो ते सासू-सासऱ्यांबरोबर, बोधगयेला गेलो ते विहाराच्या बसने, सगळ्या आळीबरोबर. त्यामुळे मुलीने श्रीलंकेची तिकिटं हातात ठेवून "या वेळी तुम्ही दोघंच जा" असं म्हटलं, तेव्हा आनंदापेक्षा मला धास्तीच वाटली. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवते. हे अंबरनाथला एका कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त. हृदयात स्टेंट टाकल्यापासून यांचं बोलणं फार कमी झालं होतं. विहारातही मागे भिंतीला टेकून बसायचे, वंदनेला नुसते हात जोडायचे.

अनुराधापूरला आम्ही सकाळी पोचलो. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथे आणून लावली, तेच हे झाड. मला वाटलं होतं, केवढं अवाढव्य असेल. पण ते बारीक होतं, म्हाताऱ्या माणसासारखं वाकलेलं. फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. खाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाळूत बसली होती, लहान मुलंसुद्धा कुजबुजत बोलत होती. आम्हीही पांढरेच कपडे घातले होते. एका कुटुंबाशेजारी जाऊन बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी वंदना सुरू केली आणि माझ्या अंगावर काटा आला. त्यांच्या भाषेतला एकही शब्द मला कळत नव्हता. पण वंदना पालीतली होती, आमचंच त्रिशरण, आमचंच पंचशील. आईच्या मांडीवर बसून शिकलेलं. माझे ओठ आपोआप हलायला लागले. आमची चाल जलद, त्यांची संथ, त्यामुळे मी सारखी पुढे जायचे आणि थांबून त्यांची वाट बघायचे. तेवढ्यात बाजूने खणखणीत आवाज आला. हे म्हणत होते. डोळे मिटून, छातीतून.

त्या कुटुंबातली आजी थांबली, आमच्याकडे बघून तिने आपली चटई सरकवली आणि आम्हाला त्यावर बसायची खूण केली. पुढची सगळी वंदना आम्ही त्यांच्या चालीत म्हटली. संपल्यावर तिने काहीतरी विचारलं.

"इंडिया," मी म्हणाले.

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

तिथून आम्ही एल्लाला गेलो. चहाच्या मळ्यांमधलं गाव, समोर उभा कडा. हे खोलीच्या खिडकीतून त्याच्याकडेच बघत होते.

"चढू या?" हे म्हणाले.

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"चालायला सांगितलंय. दमलो तर बसेन. तू आहेस ना."

तरुणपणी बदलापूरच्या बाजूचे डोंगर यांनी मित्रांबरोबर पालथे घातले होते, असं सासूबाई सांगायच्या. मी मात्र यांना डोंगरावर कधी पाहिलंच नव्हतं. वाट निलगिरीच्या झाडांतून सरळ वर जात होती. मी धापा टाकत होते आणि हे मागे वळून सांगत होते, "पाय आडवा टाक. मुळीला धर. घाई नको." मधे मधे थांबून स्वतःची नाडी बघायचे, पाणी प्यायचे, पुन्हा निघायचे.

वर पोचलो तर नुसतं धुकं. पायाखालचा खडक सोडला तर काही दिसेना. मी हिरमुसले. हे शांतपणे खडकावर बसले, मला शेजारी बसवलं. मग वारा आला. धुकं एका बाजूने उचललं गेलं आणि खाली दरी दिसली. इतकी खोल, की तिच्यात ढग तरंगत होते आणि ढगांच्या खाली एक धबधबा दोऱ्यासारखा लोंबत होता. आपण केवढेसे, आणि तरी हे बघायला इथवर आलो, एवढंच मनात येत होतं.

"मला वाटलं होतं, आता हे सगळं संपलं," हे म्हणाले. आजारपणानंतर यांनी मनातलं असं पहिल्यांदाच सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किती भीती वाटली होती, तेही सांगितलं. मी ऐकत राहिले. दरी पुन्हा धुक्याने भरली, तरी आम्हाला उठावंसं वाटलं नाही.