बटाट्यांचं पोतं

कीपामामाची रायफल बघून लोक हसायचे. एवढ्या थोरल्या लाल हरणासाठी ही सशाची बंदूक? मामानं मात्र तिच्याच जोरावर चाळीस वर्षं आमच्या उरेवेराच्या रानात शिकार केली. जवळ जायचं, हरीण कूस देऊन उभं राहीपर्यंत थांबायचं आणि मानेत एकच गोळी.

दर मार्चमध्ये, नर माजावर येऊन डरकायला लागायच्या आधी, मामा एका हरणाच्या मांसाएवढं जड बटाट्यांचं पोतं पाठीवर घेऊन घरून रानात निघायचा. जिथे दमून खाली बसावं लागेल तिथल्या झाडाला लाल चिंधी बांधायचा. त्या वर्षी चिंधीपलीकडे गोळी झाडायची नाही.

"पाठीवरून घरी येणार नाही, ते मारायचं कशाला?" मामा म्हणायचा.

एकदा मी सोबत होते. चिंधीपलीकडे, वीस पावलांवर, बारा टोकांच्या शिंगांचा नर उभा राहिला. मामानं रायफल खाली केली.

संध्याकाळी त्याच्या मेव्हण्याकडे, तुरेईकडे, चहाला गेलो. त्याच्याकडे हत्ती लोळवेल अशी रायफल. सोडलेल्या नराचं मी सांगितलं, तसा तो हसला.

"काय दाजी, खेळणं घाबरलं वाटतं?"

"गेल्या साली तू किती पाडलीस रे?"

"नऊ."

"त्यातल्या कितींचं मांस घरी आलं?"

तुरेईनं भिंतीवरच्या शिंगांकडे पाहिलं आणि ढवळलेलाच चहा पुन्हा ढवळत बसला.

यंदा मामा पोतं घेऊन निघाला आणि परसाच्या कुंपणाशीच खाली बसला. त्यानं चिंधी कुंपणाच्या तारेला बांधली. रायफल घ्यायला मी हात पुढे केला.

"तिला काय वजन आहे?" मामा म्हणाला. "आधी पोतं उचल."