गोदाबाईंचा पाय

मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला सहा आठवड्यांची इंटर्नशिप असते. उत्कर्षा काळभोरच्या वर्गातल्या बहुतेकांना मोठे कारखाने मिळाले. तिच्या वाट्याला आली हडपसरमधली, कृत्रिम पाय बनवणारी एका ट्रस्टची कार्यशाळा. लोणी काळभोरच्या घरी वडील म्हणाले, "मशीन शिकायला गेलीस आन् दवाखान्यात पाठवली व्हय?"

कार्यशाळेचे प्रमुख बाळ खाडिलकर तीस वर्षं पाय बनवत होते. पहिल्या दिवशी त्यांनी तिला चष्म्यावरून पाहिलं. "आपण इंजिनीअर होणार ना? मग आधी झाडू कुठे असतो ते पाहून ठेवा."

आठवडाभर तिने प्लास्टरचा चुरा झाडला, स्क्रू निवडून डब्यांत भरले आणि उरलेला वेळ चार हात लांब उभं राहून काम पाहिलं. कॉलेजच्या वहीत रोजचं काम लिहून सही घ्यायची होती. तिने सलग पाच दिवस 'निरीक्षण केले' एवढंच लिहिलं. सहाव्या दिवशी खाडिलकरांनी पेनाचं टोपण काढलंच नाही.

"काय दिसलं?"

"पाय कसा बनवतात ते, सर."

"ते भिंतीलाही दिसतं. ती माझ्याही आधीपासून इथे आहे."

बसमध्ये बसल्यावर तिला राग आला, आणि विचार करता करता कळलं की तो बराचसा स्वतःवरचाच आहे. दुसऱ्या दिवसापासून हातातलं काम उरकलं की ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसू लागली. तिथे पाय घ्यायला, दुरुस्त करून घ्यायला आलेली माणसं ताटकळत असत. त्यांना ती विचारायची, कुठे लागतं, कधी लागतं, पाय दिवसातून किती वेळ घालता. सुरुवातीला जीभ अडखळायची. मग माणसंच बोलायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात गोदाबाई आल्या. साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. नवा पाय बोचतो, ही तक्रार घेऊन त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. खाडिलकरांनी त्यांना चालायला लावलं. त्या दोन्ही बाजूंचे दांडे न धरता सरळ चालल्या.

"चालताना दुखतंय?"

"न्हाई."

"मग पाय उत्तम आहे. सवय होईल."

एवढ्या मोठ्या माणसापुढे काय बोलायचं, असा गोदाबाईंचा चेहरा होता. बाहेर आल्यावर त्यांनी उत्कर्षाला एवढंच सांगितलं, "मंडईत धंद्यावर बसले की लागतं गं पोरी. चालताना कुठं काय हाय."

संध्याकाळी घरी जाताना उत्कर्षा मंडईपाशी उतरली. गोदाबाई मेथीच्या जुड्यांमागे बुटक्या पाटावर बसल्या होत्या. नवा पाय शेजारी गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता.

"मावशी, एकदा घालून बसता का?"

त्यांनी पाय घातला आणि पाटावर बसल्या. गुडघा पुरता दुमडला. उत्कर्षा उकिडवी बसून पाहत राहिली. पायाचा वरचा भाग वाटीसारखा असतो, त्यात उरलेला पाय बसतो. त्या वाटीची मागची कड गुडघ्यामागच्या शिरांत रुतत होती. खुर्चीवर बसलं तर इतकी रुतली नसती, आणि उभ्या माणसाला तर तिचा पत्ताही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी तिने हे खाडिलकरांना सांगितलं.

"मी आपल्याला बाजारात पाठवलं होतं?"

"नाही, सर."

त्यांनी हातातली कानस पुसून ठेवली. मग म्हणाले, "बाईंना सोमवारी बोलवा. पाट घेऊन यायला सांगा."

सोमवारी गोदाबाई कार्यशाळेच्या फरशीवर पाट टाकून बसल्या. खाडिलकर गुडघे धरत, कण्हत खाली बसले आणि त्यांनी पेन्सिल उत्कर्षाच्या हातात दिली. तिने कडेवर खूण केली. त्यांनी थोडं घासलं, पुन्हा बसवून पाहिलं, पुन्हा घासलं. "जास्त काढली तर पाय आत ढिला पडतो," ते म्हणाले. ती कड चार वेळा घासावी लागली. शेवटच्या वेळी कानस तिच्याकडे होती.

त्रास पूर्ण गेला नाही. गोदाबाई आता सकाळभर पाय घालून बसतात आणि दुपारी उन्हं तापली की काढून ठेवतात. पण गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे आणायला स्वतः उठून समोरच्या दुकानात जाता येतं, याचंच त्यांना कौतुक.

सहा आठवडे संपले तेव्हा उत्कर्षाने आणखी पंधरा दिवस यायची परवानगी मागितली. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायला शिकायचं राहिलं होतं.

"कॉलेजचं पत्र लागेल," खाडिलकर म्हणाले. "आणि उद्या लवकर या. एक रिक्षावाला येणार आहे. तो दिवसभर कसा बसतो, ते आधी विचारून घ्या. मग मला बोलवा."