लाल-हिरवं न कळणारा वायरमन

गॅरेजात त्याला सगळे शॉर्टसर्किट म्हणायचे, कारण त्याचं डोकं कधी भडकेल याचा नेम नसायचा. त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे मात्र फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. त्याचे मोजे तीच जोडून ठेवायची.

वायरिंगच्या टेबलावर त्याची निम्मी हयात गेली होती, ती वायरीवर छापलेल्या अक्षर-आकड्यांच्या कोडच्या जोरावर. मग एकदा मालकाच्या पुतण्याने हिरवी वायर मागितली, याने ऐटीत लाल पुढे केली आणि बिंग फुटलं.

"उद्यापासून गाड्या धुवायच्या," मालक म्हणाला. "रंग कळत नाहीत आणि वायरिंग करतोस?"

"नाही धुणार! हे टेबल माझं आहे. ती शाळेची बस कोणी बिघडवली? रंग कळणाऱ्यानेच ना?"

खोटं नव्हतं ते. पुतण्याने नुसता रंग बघून वायर जोडली होती. आता ब्रेक दाबला की रिव्हर्सचा दिवा लागत होता आणि बसचा ड्रायव्हर दारात ताटकळत होता.

शॉर्टसर्किटने वायरिंगचा नकाशा टेबलावर आपटला. "वाचा! एल म्हणजे दिवे. पुढचा आकडा म्हणजे कुठला दिवा. शेवटचं अक्षर म्हणजे त्या वायरचा कुठला तुकडा. कनेक्टरच्या पलीकडे रंग बदलतो. एल आणि आकडा तोच राहतो."

तणतणतच तो बसखाली सरपटला, टॉर्च धरून वायरींवरची बारीक अक्षरं वाचली आणि जोड बदलला. ब्रेकचा दिवा लागला.

मालकाने पडतं घेतलं. "बरं, राहा टेबलावर. पण गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस."

दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणाला असता. याला ते झोंबलं. चोरासारखं लपून राहण्याचा त्याला वीट आला होता. दुसऱ्या दिवशी त्याने टेबलामागे पाटी ठोकली: 'इथल्या वायरमनला लाल-हिरवं कळत नाही.' अक्षरं बायकोने रंगवली होती. कुठल्या रंगात, ते त्याने विचारलं नाही.

"काढ ती पाटी," मालक ओरडला.

"हात तर लावून बघा!"

तेवढ्यात कालचा ड्रायव्हर दुसरी बस घेऊन आला. त्याने पाटी वाचली. "मग सिग्नलला काय करता?"

"वरचा लागला की थांबतो, खालचा लागला की निघतो."

ड्रायव्हर खो खो हसला आणि किल्ली शॉर्टसर्किटच्याच हातात दिली. "उजवा इंडिकेटर लागत नाही."

मालक गल्ल्याकडे वळला. शॉर्टसर्किटने किल्ली खिशात टाकली, हातोडी उचलली आणि बसकडे जाण्याआधी पाटीला आणखी एक खिळा ठोकला.