बोटीचा पंखा आणि ‘ॲडमिसिबल’

तो प्रकार आठवला की हसता हसता आजही माझ्या हातातला चहा बशीत सांडतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी फौजदार, नेमणूक रत्नागिरीत. नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले असताना मिरकरवाडा बंदरातली एक बाई पोलीस ठाण्यात आली. तिची एकुलती एक बोट पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ओढलेली होती. त्या बोटीचा पाणी कापणारा पितळी पंखाच कोणीतरी सोडवून नेला होता.

“सायबानू, पुनवेला सगळ्यांच्या बोटी जातील. माजी काय वल्ही मारीत नेऊ? खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर चढले की वर्षभर मिळायचे नाहीत!”

गुन्हा नोंदवला, श्वानपथक मागवलं. कुत्र्याने बंदरात एक लांब श्वास घेतला, सात वेळा शिंकलं आणि जे गाडीत जाऊन बसलं ते जिल्ह्याची हद्द ओलांडेपर्यंत उतरलं नाही.

दोन दिवसांनी हातखंब्याच्या भंगारवाल्याने खबर दिली. एक इसम पितळी पंख्याचा भाव विचारून गेला होता. वर्णन ऐकून आमचे हवालदार हसायलाच लागले. “साहेब, हा तर ॲडमिसिबल!”

हा होता बंदरातला इंजिन-मेस्त्री. हातात पाना कमी, कोर्टाच्या व्हरांड्यात बैठक जास्त. जे कोर्ट पुरावा म्हणून ग्राह्य धरतं ते ॲडमिसिबल, एवढं तिथे ऐकून आला आणि तो शब्द त्याने गावभर फिरवला. चहात साखर कमी, चहा ॲडमिसिबल नाही. सासऱ्याने दिलेलं घड्याळ बंद पडलं, सासराच ॲडमिसिबल नाही.

अटक करून समोर बसवला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “होय, मीच नेला. लिहा! पोलिसांपुढची कबुली ॲडमिसिबल नसते. पंखा कुठाय ते मात्र विचारू नका.”

मी चेहरा शक्य तितका बावळट केला. देवाने त्यात मला मुळातच मदत केलेली आहे. दोन पंच बोलावले, एक शाळामास्तर आणि एक आंबा बागायतदार.

“काय हो, एवढा जड पंखा हा एकटा नेईल?” मी विचारलं.

बागायतदारांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. “हा? याला आंब्याची पेटी उचलवत नाही. बाता मारतोय!”

मेस्त्री ताडकन उठला. “बाता? लिहा कागदावर, ठेवलाय ती जागा दाखवतो. चला!”

निवेदन लिहिलं, त्याने ऐटीत सही ठोकली. आमची वरात त्याच्या पडवीत. सुक्या बोंबलांची पोती उपसली आणि खाली पंखा! कुत्र्याला मी मनोमन माफ केलं.

पंचनामा झाल्यावर त्याला सांगितलं, “मेस्त्री, कबुली ग्राह्य नाही, बरोबर. पण आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर सापडण्यापुरतं ते सांगणं ग्राह्य. पुरावा कायदा, कलम सत्तावीस.”

“हे व्हरांड्यात कोणी बोललं नाही,” तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आदेशाने पंखा सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, बाईंना मिळाला. पौर्णिमेला नारळ वाढवून बोट सुटली ती अशी, की बाकीच्या बोटी नांगरलेल्या वाटाव्यात.

माणसाला गुपित सांभाळता येतं, अपमान नाही, हे मी त्या खुर्चीत शिकलो. उलटतपासणीची पुस्तकं नंतर चाळलीच नाहीत.

आठवड्याने बाई परातीएवढा पापलेट घेऊन दारात. नोकरीत असल्या भेटी घेत नाही, असं मी सांगणार, तोच आतून आमच्या सौभाग्यवती गरजल्या, “श्रावण आहे! मासा ॲडमिसिबल नाही!”