आगगाडीला जरीची तार

तेराव्या वर्षी मला विजेतलं सगळं कळत होतं. इतकं पुढे पुन्हा कधीच कळलं नाही.

आम्ही भवानी पेठेत राहायचो. दादा रेल्वेत कारकून. होटगी स्टेशनावरून बदलून जाणाऱ्या एका साहेबाने घरचं सामान विकायला काढलं, त्यातून दादाने विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी आणली. इंजिन, दोन डबे आणि लांबट गोलाकार रूळ. ती चालवायची विजेची पेटी मात्र नव्हती. ही गाडी आपल्या चैत्रगौरीच्या आराशीत धावणार, असं मी कुणाला न विचारता ठरवलं आणि हळदीकुंकवाचं आमंत्रण देताना घरोघर सांगून आले, "हात न लावता चालते हो! बघायला याच."

"अगं, आधी चालू तर दे," आई म्हणाली. तोवर अर्ध्या पेठेला सांगून झालं होतं.

मग सुरू झाला वीज शोधायचा ताप. माझ्या मते उपाय अगदी सोपा होता. दिवा काढायचा आणि त्या जागी गाडीच्या तारा खुपसायच्या. दादाने हात धरून मला स्टुलावरून खाली उतरवलं. "इंजिनाच्या पोटावर सहा व्होल्ट लिहिलंय. घरातली वीज दोनशेच्या वर. गाडी जळेल, आणि तूही." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग बॅटरीच्या दिव्यातले चार मसाले, म्हणजे सेल, एकापुढे एक बांधले. गाडी दोन फेऱ्या झोकात पळाली, तिसऱ्या फेरीला म्हातारीसारखी चालायला लागली आणि चौथीला बसलीच. मसाले उन्हात वाळवले, चुलीजवळ शेकले, त्यांना शिव्या दिल्या. काही उपयोग नाही. शेवटी दादा म्हणाला, मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी ओळखीच्याकडून आणतो, पण फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी, आणि ती संध्याकाळी परत द्यायची. सोबत त्याने सुती वेष्टणाची काळी जाड तार आणून ठेवली.

ती तार बघून मी नाक मुरडलं. गौरीसमोर असलं काळं गांडूळ? आईच्या जुन्या शालूचे काठ विरले होते. त्यातली जर काढून, चार पदरी वळून, मी दोन झकास सोनेरी तारा केल्या. जर म्हणजे धातूच, मग वीज जाणार नाही कशी?

वहिनी करमाळ्याकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिने काळी तार बोटाने चाचपली. "वन्सं, हिला वरनं कापड गुंडाळलंय, ते उगंच न्हाय. तुमची जर उघडीच हाय की."

"वहिनी, तुम्ही पन्हं ढवळा," मी म्हटलं. हे वाक्य आठवलं की आजही मला त्या पोरीच्या दोन्ही वेण्या एकमेकींना बांधाव्याशा वाटतात.

काळी तार वाया कशाला घालवायची, म्हणून मी त्या तारेने आराशीचे केळीचे खुंट घट्ट आवळून बांधले. आराशीच्या पायऱ्यांवर वहिनीने आपली माहेरची हिरवी साडी अंथरली. रुळाचा समोरचा सरळ भाग तेवढा दिसत होता, वळणं केळीच्या पानांआड. आणि अगदी मधोमध, शोभेसाठी, मी रुळाला जोडलेल्या जरीच्या दोन्ही तारा एकत्र पिळून त्यांचं सुंदर फूल केलं.

बॅटरी आली तेव्हा पहिल्या बायका दाराची पायरी चढत होत्या. मी पानांआड बसून तारा जोडल्या. इंजिन हललं नाही. फूल मात्र लाल झालं, रेशीम जळाल्याचा वास सुटला आणि वहिनीच्या साडीला रुपयाएवढं भोक पडलं. मी जोड ओढून काढला.

"दोनी तारा एकमेकींना लागल्या की वो," वहिनी कानाशी म्हणाली. साडीबद्दल एक अक्षर नाही. भोकावर तिने कैऱ्यांची परडी सरकवली.

काळी तार सोडावी तर केळी गौरीच्या अंगावर येणार. मला रडू यायला लागलं. वहिनीने उरलेली जर इंजिनाला बांधली आणि दुसरं टोक घेऊन ती उजवीकडच्या पानांआड गेली. "तुमी फुडं हुबं ऱ्हावा. बोला कायतरी."

मी बोलले. वीज कशी वाहते, चाकात कशी शिरते, सगळं. मागे गाडी डुगडुगत चालली होती. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तेवढ्यात शेजारच्या आजी म्हणाल्या, "लई ग्वाड! आता मागारी आण बघू."

दोरीने ओढलेली गाडी मागे कशी येणार? माझी वीज तिथेच संपली.

पानांआडून आवाज आला, "होटगीला गेलीया, आजी. पाणी भरल्याबिगर न्हाय यायची."

"व्हय की," आजी म्हणाल्या आणि डाळीकडे वळल्या.

सगळ्या गेल्यावर आम्ही दोघींनी केळी आडवी केली, काळी तार सोडली आणि तिचे दोन तुकडे करून बॅटरी रुळाला जोडली. गाडी सुसाट सुटली. फेरीवर फेरी. आणि बघायला कोण? मी, वहिनी आणि सांडलेली डाळ. मी संतापून जमिनीवर पाय आपटले, तर गाडी रुळावरून घसरली.

"बॅटरी न्यायला आलोय," दादा दारातून म्हणाला.

"थांबा की जरा," वहिनी गाडी रुळावर ठेवत म्हणाली. "साडी माजी जळलीया. मला अजून दोन फेऱ्या बघायच्यात."